४,२९,४९,६७,२९७ आणि ६४१

बुद्धिबळाच्या पटावरील पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार अशी दुप्पट करत गेल्यास तेहेतिसाव्या घरात २ चा ३२ वा घात इतके दाणे लागतात. त्यांत आणखी एक दाणा मिळवला की ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मिळते. ती मूळ संख्या आहे की नाही, याचा निर्णय लागण्यास ब्याण्णव वर्षे जावी लागली.

फ्रान्समधील तुलूझच्या न्यायालयातील अधिकारी आणि गणिती प्येर द फर्मा याच्यासमोर १६४० साली ३, ५, १७, २५७, ६५,५३७ ही माळ होती. एका संख्येतून १ वजा करून उरलेल्याचा वर्ग करावा आणि त्यात १ मिळवावा, म्हणजे पुढची संख्या मिळते. या पाचही संख्या मूळ आहेत, त्यामुळे पुढच्या सर्वही मूळच असणार, असा त्याचा विश्वास होता. सिद्धता मात्र त्याच्याजवळ नव्हती. सहावी संख्या हीच आपली संख्या. गणिती गोल्डबाख याने १७२९ मध्ये पत्रातून हा प्रश्न दुसरा गणिती ऑयलर याच्यापुढे ठेवला, आणि १७३२ मध्ये ऑयलरने दाखवून दिले की ती ६४१ × ६७,००,४१७ आहे.

एरवी या संख्येच्या वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ६५,५३७ च्या आतील, ६,५४२ मूळ संख्यांनी एकेक करून भागाकार करून पाहावा लागला असता. परंतु या संख्येचा कोणताही मूळ भाजक ६४ च्या पटीपेक्षा एकाने मोठाच असतो, हे ऑयलरने पुढे सिद्ध केले. अशा मूळ संख्या म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्याच भागाकाराला बाकी शून्य येते. विलक्षण बाब अशी, की हा नियम ज्या प्रमेयातून निघतो ते खुद्द फर्माचेच आहे.

६४१ ने भाग जातो हे प्रत्यक्ष भागाकार न करताही पटते, आणि मला या साऱ्यात सर्वांत सुंदर वाटते ते हेच. ६४० म्हणजे ५ × १२८, आणि ती ६४१ पेक्षा एकाने कमी. म्हणून तिचा चौथा घात ६४१ च्या कुठल्यातरी पटीपेक्षा एकाने जास्त असतो. हा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. आता ६२५ म्हणजे ६४१ वजा १६, तेव्हा ६४१ ने भागून उरणाऱ्या बाकीच्या हिशेबात ६२५ च्या जागी उणे १६ घेता येतात. १६ हा २ चा चौथा घात असल्याने गुणाकार उणे २ चा ३२ वा घात इतका होतो. त्याची बाकी १, म्हणजे २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १. तेहेतिसाव्या घरातील दाण्यांत एक दाणा मिळवताच ती शून्य होते.

माळेतील सातव्या संख्येचे अवयव १८८० मध्ये फ्रेंच गणिती लांद्री याने शोधले. त्यांतील लहान अवयव २,७४,१७७ आहे. पहिल्या पाचांनंतर या माळेत एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही.