शाळेतील मोबाइल वापराचे नियम

विद्यार्थ्यांनी शाळेत मोबाइल आणावा की नाही, आणला तर दिवसभर तो कुठे ठेवावा आणि नियम मोडला तर काय करावे, हे ठरवणारे कायदे, शासकीय आदेश आणि शाळांचे आपापले नियम. बोलण्यात या सगळ्याला सरसकट ‘मोबाइलबंदी’ म्हणतात. प्रत्यक्षात एखादी शाळा फोन घरीच ठेवायला लावते, एखादी सकाळी जमा करून घेऊन शाळा सुटताना परत देते, तर एखादी दप्तरात बंद करून ठेवू देते. फरक छोटा वाटतो, पण नियम टिकतो की कोलमडतो हे बहुतेक वेळा त्यावरच ठरते.

फोन घरी ठेवण्याचा नियम कागदावर सर्वांत सोपा आणि पाळायला सर्वांत अवघड. न्यूयॉर्क शहरात महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या काळात, 2006 पासून, सरकारी शाळांत फोन आणण्यावरच कडक बंदी होती. काही शाळांच्या दारात धातुशोधक यंत्रे होती आणि अशा शाळा बहुतांशी गरीब वस्त्यांमधल्या. तिथे फोन आत नेणे अशक्य. मग आसपासचे दुकानदार आणि शाळेबाहेर उभ्या राहणाऱ्या गाड्या दिवसाला साधारण 1 डॉलर घेऊन मुलांचे फोन सांभाळू लागल्या. यंत्रे नसलेल्या शाळांत मात्र दप्तरातल्या फोनकडे काणाडोळा होई. नियम सगळ्यांना एकच, पण त्यासाठी रोज पैसे मोजले ते गरिबांच्या मुलांनी. हा अन्याय उघड होता. 2015 मध्ये महापौर बिल डी ब्लासिओ यांनी ही बंदी उठवली. सप्टेंबर 2025 पासून न्यूयॉर्क राज्याने पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत स्मार्टफोन वापरायला मनाई केली आहे. या वेळी फोन ठेवण्याची सोय शाळेनेच करायची आहे, पालकांना मुलांशी संपर्क साधण्याचा मार्गही शाळेनेच द्यायचा आहे, आणि केवळ फोन वापरला म्हणून कुणाला शाळेतून निलंबित करता येत नाही.

फ्रान्सने 2010 मध्ये तासाच्या वेळी फोन वापरण्यास मनाई केली आणि 3 ऑगस्ट 2018 च्या कायद्याने ती साधारण 15 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पूर्ण शालेय दिवसाला लागू केली. शिक्षणासाठीचा वापर आणि अपंग किंवा आजारी मुलांची गरज यांना सूट आहे. पण कायद्याने रोखला होता तो फोनचा वापर. फोन मुलाच्या खिशातच राहिला. म्हणून 2024 मध्ये सुमारे 200 माध्यमिक शाळांत फोन मुलांपासून प्रत्यक्ष दूर ठेवण्याचा प्रयोग सुरू करावा लागला. नेदरलँड्सने 2024 च्या जानेवारीपासून माध्यमिक शाळांच्या वर्गांतून फोन बाहेर काढले. ब्राझीलने जानेवारी 2025 मध्ये देशभरासाठी कायदा केला.

बंदीने अभ्यास सुधारतो का, याचे उत्तर एकसारखे नाही. इंग्लंडमधल्या 91 शाळांच्या 2015 च्या अभ्यासात बंदीनंतर गुण वाढलेले दिसले. ही वाढ मुख्यतः मागे पडलेल्या मुलांची होती, हुशार मुलांना विशेष फरक पडला नाही. स्वीडनमध्ये तशाच पद्धतीने पाहिले तेव्हा परिणाम आढळला नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठाने 2025 मध्ये 30 शाळांची तुलना केली. कडक नियमांच्या शाळांतली मुले मनाने अधिक स्वस्थ असल्याचे त्यात दिसले नाही, मात्र दिवसभरात फोनवर जास्त वेळ घालवणारी मुले अधिक अस्वस्थ आढळली. शाळेतले सहा तास वाचवले तरी उरलेला दिवस घराच्या हाती असतो.

भारतात यासाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने 2009 मध्ये परिपत्रक काढून शाळांत मोबाइलला आळा घातला, तर आंध्र प्रदेशाने 2023 मध्ये शाळांत बंदी आणली. दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये केंद्रीय विद्यालयातील एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात वेगळी वाट धरली. न्यायमूर्ती अनूप जयराम भंभानी यांनी सरसकट बंदी अव्यवहार्य ठरवली. शक्य तिथे फोन शाळेत जमा करावा, वर्गात तो वापरू नये, शाळेच्या आवारात कॅमेरा व ध्वनिमुद्रण यांना मनाई असावी, पालक आणि शिक्षकांशी बोलून धोरण ठरवावे, शिक्षा फार कठोर नसावी, अशी तत्त्वे त्यांनी घालून दिली. सुरक्षितता आणि घरच्यांशी संपर्क यांसाठी फोनला त्यांनी जागा ठेवली. पहाटेच्या एसटीने तालुक्याच्या शाळेत येणाऱ्या मुलीच्या आईवडिलांना ही जागा का हवी, हे वेगळे सांगायला नको.

महाराष्ट्रात पेच आणखी एका कारणाने वाढला. 2020 च्या टाळेबंदीत शाळेनेच फोन मुलांच्या हाती दिला. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘स्वाध्याय’ उपक्रमातून व्हॉट्सॲपवर प्रश्न पाठवले, आणि वर्गाचे गट शाळा पुन्हा भरल्यावरही चालूच राहिले. गृहपाठ फोनवर येत असताना फोन वाईट असे मुलांना सांगणे शिक्षकांनाही जड जाते.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 च्या ऑगस्टमध्ये यावर स्वतःचा उपाय काढला. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो, तसे घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात आणि मुले पुस्तके घेऊन बसतात. नियम मोठ्यांनाही लागू आहे. दीड तासाने भोंगा पुन्हा वाजतो.