वंशावळशोधातून उघडकीस येणारी कौटुंबिक गुपिते

वंशवृक्ष जुळवत असताना जुन्या दप्तरांतून किंवा जनुकीय चाचणीतून दूरच्या पूर्वजांविषयी अथवा भाऊबंदांविषयी अशी एखादी गोष्ट समोर येते, की जिच्याबद्दल घराण्यात पिढ्यानपिढ्या कोणी बोललेले नसते. खून, फसवणूक, पहिला विवाह लपवून केलेला दुसरा विवाह, विवाहबाह्य संबंधातून झालेला जन्म, आत्महत्या, मनोरुग्णालयात झालेली रवानगी, गुलामांची मालकी, युद्धकाळात शत्रूला केलेली मदत हे यातले वारंवार आढळणारे प्रकार होत. या यादीत अपराध आणि दुर्दैव एकाच रांगेत बसलेले दिसतात, कारण कुटुंबांनी दोहोंबाबत सारखेच मौन पाळले. संशोधकाने मात्र त्यांची सरमिसळ होऊ देता कामा नये.

अशी गुपिते सापडणे अपवादात्मक नाही. मागे जावे तशी प्रत्येक पिढीत पूर्वजांची संख्या दुप्पट होते आणि दहाव्या पिढीपर्यंत ती कागदोपत्री १,०२४ वर पोहोचते; त्यांची भावंडे आणि त्या भावंडांचे वंशज मोजू लागल्यास नातेवाइकांचा आकडा हजारोंत जातो. याहून महत्त्वाचे कारण दप्तरांच्या स्वरूपात आहे. सरळमार्गाने जगलेल्या सामान्य माणसाचा माग बहुधा जन्म, विवाह आणि मृत्यू या तीन नोंदींपुरता उरतो, तर आरोपीचे वय, उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरचे व्रण आणि कधीकधी न्यायाधीशांपुढे त्याने उच्चारलेले शब्दसुद्धा शासनाने लिहून ठेवलेले असतात. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातील १६७४ ते १९१३ या काळातील सुमारे १,९७,००० खटल्यांचे वृत्तांत आज कोणालाही वाचता येतात. ब्रिटनने १७८८ ते १८६८ या काळात ऑस्ट्रेलियात पाठवलेल्या सुमारे १,६२,००० कैद्यांपैकी अनेकांचे वर्णन इतके बारकाईने नोंदले गेले, की त्यांच्या काळातील प्रामाणिक शेतमजुरांपेक्षा त्यांचीच ओळख आपल्याला अधिक पटते. त्यांतील पुष्कळांचा गुन्हा किरकोळ चोरीचा होता. तरीही हा डाग ऑस्ट्रेलियातील कुटुंबांनी दीर्घकाळ लपवला, आणि आता त्याच पूर्वजांचा शोध तेथे अभिमानाने घेतला जातो. लाज ही काळानुसार बदलणारी गोष्ट आहे, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

दप्तरांत जे लिहिले आहे त्याइतकेच जे झाकले आहे तेही वाचावे लागते. पन्नाशीकडे झुकलेल्या स्त्रीच्या नावावर, आधीच्या अपत्यानंतर बऱ्याच वर्षांनी एक मूल नोंदलेले असेल आणि घरात अविवाहित तरुण मुलगी असेल, तर ते मूल मुळात त्या मुलीचे असण्याची शक्यता तपासून पाहण्याची रीत आहे. दत्तकविधानाला इंग्लंडमध्ये कायद्याचा आधार १९२६ च्या अधिनियमाने मिळाला. त्यापूर्वी अशी मुले कोणत्याही कागदाविना नातेवाइकांत सामावली जात. आत्महत्येच्या चौकशीत ‘तात्पुरते वेड’ असा निष्कर्ष नोंदवण्याचा तेथील प्रघातही असाच समजून घ्यावा लागतो. आत्महत्या हा गुन्हा मानला जात असल्याने, या दोन शब्दांमुळे मृताचे धार्मिक विधीने दफन होऊ शके आणि १८७० पूर्वी त्याची मालमत्ता जप्त होण्याचे टळे. तो निष्कर्ष पुष्कळदा वैद्यकीय निदानापेक्षा मागे राहिलेल्यांवर केलेली दया होती.

जनुकीय चाचण्यांनी या मौनाची मुदत संपवली, असे म्हणता येईल. चुलत-मावस भावंडांत सरासरी १२.५ टक्के, तर तिसऱ्या पातळीवरच्या भावंडांत, म्हणजे ज्यांचे खापरपणजोबा एक आहेत अशांत, एका टक्क्याहूनही कमी जनुकीय वारसा समान असतो. पण मोठ्या संचात तेवढा दुवाही पुरतो. अमेरिकेत १९७० आणि १९८० च्या दशकांत खून आणि बलात्कार करणाऱ्या एका गुन्हेगारापर्यंत पोलीस २०१८ मध्ये पोहोचले, ते दूरच्या नातेवाइकांच्या जनुकीय माहितीवरून वंशवृक्ष उभा करून. त्या नातेवाइकांनी चाचणी केली होती ती केवळ आपले कूळ जाणून घेण्यासाठी. नोंदलेला पिता आणि जैविक पिता निराळे निघण्याचे प्रमाण पश्चिम युरोपात पिढीमागे सरासरी एक टक्क्याच्या आसपास आढळले आहे. एकोणिसाव्या शतकातील दाट वस्तीच्या शहरांतील गरीब थरांत ते सहा टक्क्यांपर्यंत होते. या आकड्यांमागे व्यभिचारच असेल असे गृहीत धरणे अन्यायाचे ठरते, कारण त्यांत बळजबरीही असू शकते.

गुलामगिरीच्या बाबतीत प्रश्न व्यक्तिगत लाजेच्या पलीकडे जातो. ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करताना दोन कोटी पौंडांची भरपाई दिली, ती गुलामांना नव्हे तर मालकांना. त्या दाव्यांच्या कागदपत्रांवर आधारलेली, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०१३ मध्ये खुली केलेली सूची पाहता, लाभार्थींत मोठ्या जमीनदारांबरोबर धर्मगुरू आणि मोजक्या गुलामांच्या मिळकतीवर जगणाऱ्या विधवाही दिसतात. अमेरिकेच्या १८५० आणि १८६० च्या जनगणनेतील गुलामांच्या याद्यांत मालकाचे नाव असते, गुलामांचे मात्र बहुधा केवळ वय, लिंग आणि वर्ण. ज्याला आपला पूर्वज मालक म्हणून सापडतो, त्याच्या हाती असलेला घरगुती कागद, मृत्युपत्र किंवा हिशेबाची वही ही दुसऱ्या एखाद्या कुटुंबाला आपल्या पूर्वजाचे नाव मिळवून देणारी एकमेव वाट असू शकते. म्हणून असा कागद नष्ट करणे हा त्या दुसऱ्या कुटुंबावर पुन्हा केलेला अन्याय होय.

सापडलेली व्यक्ती खरोखर आपलीच आहे का, ही पडताळणी सर्वांत आधी करावी लागते. एकाच गावात एकाच नावाची, जवळपास एकाच वयाची दोन माणसे असणे ही सामान्य बाब आहे. नाव जुळले तरी वय, व्यवसाय, पत्ता आणि साक्षीदारांची नावे यांपैकी एकाहून अधिक गोष्टी जुळल्याशिवाय कोणाच्या माथी गुन्हा मारू नये. आरोप आणि सिद्ध झालेला गुन्हा यांतील अंतरही तितकेच महत्त्वाचे आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी सहकार्य केल्याच्या संशयावरून चौकशी झालेल्या सुमारे ४,२५,००० व्यक्तींची सूची नेदरलँड्समध्ये जानेवारी २०२५ मध्ये आंतरजालावर खुली झाली. त्यांपैकी सुमारे एक पंचमांश व्यक्तीच न्यायालयापुढे उभ्या राहिल्या होत्या; उरलेल्यांच्या वंशजांना आजोबांचे नाव दिसले, निवाडा मात्र दिसला नाही. संपूर्ण कागदपत्रेही आंतरजालावर ठेवण्याचा बेत तेथील माहिती-संरक्षण प्राधिकरणाच्या इशाऱ्यानंतर थांबवण्यात आला, कारण त्या कागदांत संशयितांखेरीज साक्षीदारांची आणि बळी पडलेल्यांचीही नावे आहेत, आणि त्यांतील काही जण अजून हयात असू शकतात.