हार्ट अटॅक आणि हार्ट फेल्युअर: एकात रसद तुटते, दुसऱ्यात चूल मंदावते

बाबा हॉस्पिटलमधून नौपाड्याच्या घरी आले त्याच दुपारी डोंबिवलीच्या मावशीचा फोन आला. डिस्चार्ज कार्डावर 'हार्ट फेल्युअर' लिहिलंय एवढंच तिच्या कानावर गेलं होतं, आणि तिला रडू आवरत नव्हतं. आपल्याकडे 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला. बाबा तेव्हा माझ्यासमोर बसून मऊ भात खात होते. फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, ते शरीराच्या गरजेला अपुरं पडणं. संध्याकाळी काका आले आणि त्यांनी विचारलं, "अटॅक कधी आला गं? ब्लॉकेज किती निघाले?" अटॅक आलाच नव्हता. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मोकळ्या होत्या. बाबांचं बीपी मात्र वर्षानुवर्षं चढं होतं.

हे दोन आजार वेगळे कसे, हे मला नीट कळलं ते हृदयाच्या ऊर्जेचा हिशेब समजून घेतल्यावर. तोच इथे मांडते.

हृदयाचं वजन साधारण ३०० ग्रॅम, आणि दिवसाला ते सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावतं. ही ताकद येते एटीपी नावाच्या रेणूतून. दिवसभरात हृदय जेवढं एटीपी तयार करतं आणि लगेच खर्चून टाकतं, त्याची बेरीज ६ किलोच्या आसपास भरते. साठा मात्र जेमतेम १० सेकंदांचा. घरात कुठल्याही क्षणी चिमूटभरच पीठ असावं आणि पोळ्या मात्र अखंड लाटल्या जाव्यात, असा हा कारभार. म्हणून हृदयाच्या पेशीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग मायटोकॉन्ड्रियांनी, म्हणजे पेशीतल्या चुलींनी व्यापलेला असतो. निरोगी हृदय त्यात मुख्यतः चरबी जाळतं. उरलेली गरज ग्लुकोज, लॅक्टेट (स्नायूंतून रक्तात येणारं इंधन) आणि थोड्या कीटोन्सवर (यकृताने चरबीपासून बनवलेल्या इंधनावर) भागते.

अटॅकमध्ये रसद तुटते. हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकते आणि त्यापुढच्या स्नायूला ऑक्सिजन मिळेनासा होतो. चुली ठणठणीत असतात, पण पुरवठा बंद. तो भाग मिनिटभरातच आकुंचन पावणं थांबवतो आणि साधारण २० मिनिटांनंतर पेशी मरू लागतात. छातीवर दडपण, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम असं काही दिसलं तर '१०८'ला फोन करायचा आणि लगेच ईसीजी काढायचा. घोडबंदर रोडवर संध्याकाळी गाडी अडकली की किती वेळ जातो हे ठाणेकरांना सांगायला नको, म्हणून 'सकाळी बघू' म्हणणं इथे परवडत नाही. वाहिनी जितकी लवकर उघडेल तितका स्नायू वाचेल.

फेल्युअरमध्ये रक्त पोचत असतं, त्यात इंधनही असतं, पण ते नीट जळत नाही. गॅसची लाइन चालू आहे आणि बर्नरची भोकं काजळीने बुजलीत, तसं. नॉब कितीही फिरवा, ज्योत पिवळी राहते, पातेल्याचं बूड काळं होतं आणि डाळ काही शिजत नाही. वर्षानुवर्षं चढ्या बीपीविरुद्ध रक्त ढकलून स्नायू जाड होतो, त्याची भूक वाढते, आणि त्याच काळात मायटोकॉन्ड्रिया खराब होत जातात. चरबी जाळण्याची क्षमता घटते. हृदय गर्भातल्या दिवसांसारखं ग्लुकोजकडे वळतं. सुरुवातीला यात शहाणपण दिसतं, कारण तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये ग्लुकोज चरबीपेक्षा थोडं जास्त एटीपी देतं. पण ग्लुकोजचं शेवटचं, खरी कमाई करून देणारं ज्वलनही त्याच बिघडलेल्या चुलीत व्हायचं असतं. त्यामुळे काम अर्धवट राहतं. न जळलेल्या चरबीचे अवशेष पेशीत साठून आणखी नुकसान करतात. आजार खूप पुढे गेला की एटीपीची पातळी ३० ते ४० टक्क्यांनी खाली येते. त्याच्या कितीतरी आधी क्रिएटिन फॉस्फेट, म्हणजे अडीनडीला मोडायची चिल्लर, कमी झालेली असते. निकामी होत चाललेल्या हृदयात क्रिएटिन घटतं हे अमेरिकेत हेरमन आणि डेशर्ड यांनी १९३९ मध्येच नोंदवलं होतं.

मला सगळ्यात चटका लावून गेली ती गोष्ट वेगळीच. हृदय सैल पडतं तेव्हा ते विसावत असेल असं आपल्याला वाटतं. पण प्रत्येक ठोक्यानंतर स्नायूतलं कॅल्शियम उपसून परत कोठारात भरावं लागतं आणि त्यालाही एटीपीच लागतं. ऊर्जा कमी पडली की हृदयाला धड सैलही होता येत नाही. टूडी एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ५० टक्क्यांच्या वर, म्हणजे ठीकठाक, असूनही काहींना धाप लागते आणि त्यांना फेल्युअर असतं, त्यामागे हेही एक कारण आहे.

म्हणून शेजारच्या काकूंनी मायेने आणलेला तुपातला शिरा मी हात जोडून परत केला. अशक्तपणा खरा होता, पण इंधन कमी पडलेलं नव्हतं. उपाशी ठेवायचं असंही नाही. साधं जेवण हवंच, फक्त मिठावर लगाम हवा, आणि आमच्याकडे तो लोणच्या-पापडापासून सुरू झाला.

औषधांची गोष्टही याच हिशेबाने उलगडते. थकलेल्या हृदयाला जोर देणारी मिलरिनोन ही गोळी आजार गंभीर असलेल्या रुग्णांना दिली, तेव्हा मृत्यू २८ टक्क्यांनी वाढले. हे १९९१ मध्ये समोर आलं. उलट, हृदयाची गती आवरणारे बीटा ब्लॉकर स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९७५ मध्ये थोड्या रुग्णांना देऊन पाहिले, तेव्हा ते अनेकांना उफराटं वाटलं. १९९९ पर्यंत मोठ्या चाचण्यांनी दाखवलं की त्यांनी मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. खर्च कमी केला की तुटपुंजी कमाई पुरते. २०१९ पासून मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिन ही गोळी मधुमेह नसलेल्या फेल्युअरच्या रुग्णांनाही उपयोगी ठरली आहे. ती शरीरात कीटोन्स किंचित वाढवते आणि त्यामुळे हृदयाला पर्यायी इंधन मिळत असावं असा एक अंदाज आहे. त्यावर संशोधकांत अजून वाद चालू आहे.

दोन्हींचा संबंध आहेच. अटॅकमध्ये मेलेल्या स्नायूची भरपाई करताना उरलेलं हृदय पुढे फेल्युअरकडे जाऊ शकतं. पण बीपी, मधुमेह, झडपांचे आजार, दारू यांनी अटॅकशिवायही तिथे पोचता येतं, आणि येताना आवाज होत नाही. आडवं झालं की धाप लागायची म्हणून बाबा आधी दोन उशा घेऊन झोपू लागले, मग तीन. संध्याकाळी पायावर मोज्याचा वळ उमटायचा. तलावपाळीला पूर्ण फेरी मारणारा माणूस अर्ध्यातच बाकावर बसू लागला, आणि आम्ही म्हणालो, वय झालं.

आता रोज सकाळी, चहाच्या आधी, मी त्यांचं वजन कॅलेंडरवर लिहिते. तीन दिवसांत २ किलो वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी असतं, आणि डॉक्टरांना फोन करायचा. मार्चमध्ये एकदा करावा लागला. लघवीच्या गोळीचा डोस बदलला, चार दिवसांत वजन उतरलं आणि बाबा पुन्हा दोन उशांवर झोपू लागले.