डीओडँड

डीओडँड : माणसाच्या अपघाती मृत्यूस कारण झाल्यामुळे राजाकडे जमा होणारी जंगम वस्तू किंवा प्राणी, या अर्थाची इंग्लंडच्या जुन्या कायद्यातील संज्ञा. ही जप्ती १८४६ मध्ये रद्द झाली आणि शब्दही व्यवहारातून गेला. ‘देवाला द्यावयाचे’ या अर्थाच्या मध्ययुगीन लॅटिन ‘देओ दांदुम’पासून तो आला, वाद आहे तो प्रथेच्या उगमाचा.

इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टनने (१७६५) तिचे मूळ प्रायश्चित्तात पाहिले. अकस्मात मेलेल्याच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून वस्तू धर्मकार्याला द्यायची, असा त्याचा अर्थ. माणसाला मारणाऱ्या बैलास दगडमाराने ठार करावे, या बायबलमधील आज्ञेशीही (निर्गम २१:२८) तिचा संबंध लावला जातो. अमेरिकन कायदेपंडित होम्सने (१८८१) मात्र अपाय करणाऱ्या वस्तूवरच सूड उगविण्याची आदिम प्रवृत्ती तिच्या मुळाशी मानली. साधारण नवव्या शतकाच्या अखेरच्या, इंग्लंडमधील राजा आल्फ्रेडच्या कायद्यात, झाड अंगावर पडून माणूस मेल्यास ते मृताच्या नातेवाइकांना द्यावे आणि त्यांनी ते ३० दिवसांत हलवावे, असे कलम आहे. त्यात देवाला काही देण्याचा प्रश्नच नाही. म्हणून प्रथेचा गाभा जुना आणि धार्मिक नाव मागाहून आलेले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र आल्फ्रेडचा कायदा व डीओडँड या दोहोंमधील साखळी सलग नाही.

निर्णयात गतीला महत्त्व असे. उभ्या गाडीच्या चाकावर चढताना कोणी पडून मेला, तर चाक तेवढे जप्त होई. चालत्या गाडीखाली सापडला, तर तिच्यातील मालासह सारी गाडी. प्रत्यक्षात कॉरोनरची (अपमृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याची) ज्यूरी किंमत ठरवी व मालक ती भरी. पुढे ज्यूरी नाममात्र रक्कम लावू लागल्या.

रेल्वेने हे चित्र पालटले. २४ डिसेंबर १८४१ रोजी इंग्लंडमधील सॉनिंगजवळ कोसळलेल्या दरडीवर ग्रेट वेस्टर्न रेल्वेची गाडी आदळली. तिसऱ्या वर्गाचे उघडे डबे इंजिन आणि मालाच्या जड वाघिणी यांच्या मध्ये जोडलेले होते. त्यांतील आठजण जागीच चिरडले गेले. ज्यूरीने १,००० पौंडांचा डीओडँड लावला. ही रक्कम वारसांच्या हाती पडणारी नव्हती, हा या प्रथेतील मोठाच अन्याय होता. ब्रिटिश कायदेपंडित व राजकारणी लॉर्ड कॅम्बेलच्या पुढाकाराने १८४६ मध्ये डीओडँड रद्द झाला आणि त्याच वर्षी मृताच्या कुटुंबाला भरपाई मागण्याचा हक्क देणारा कायदा झाला. भारतातील १८५५ चा प्राणघातक अपघात अधिनियम त्याच धर्तीवरचा आहे.