अमायलॉइड पेट स्कॅन: मान्यता २०१२ची, दार उघडले २०२३ला

१३ ऑक्टोबर २०२३ रोजी मेडिकेअरने, म्हणजे अमेरिकेतील वृद्धांच्या सरकारी विमा योजनेने, अमायलॉइड पेट स्कॅनवरची आपली अट मागे घेतली. किरणोत्सारी द्रव्य टोचून, अमायलॉइड या अल्झायमरशी निगडित प्रथिनाचे साठे जिवंत माणसाच्या मेंदूत दाखवणारी ही तपासणी २०१२पासून परवानगीसह उपलब्ध होती. तरी मधली अकरा वर्षे बहुतेक वृद्धांना ती पदरचे पैसे मोजल्याशिवाय करून घेता आली नाही. ही अट का आली आणि कशामुळे गेली, हे ठाऊक असले की नव्या औषधांवरून आज चाललेला वादही नीट कळतो.

साध्या एक्स-रेत कवटीआडचा मेंदू उमटत नाही. म्हणून १९१९पासून पाठीतले पाणी काढून त्या जागी हवा भरायची आणि मग एक्स-रे घ्यायचा, अशी रीत होती. तीव्र डोकेदुखी आणि उलट्या सोसत रुग्ण ती तपासणी करून घेत. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळ विम्बल्डनच्या रुग्णालयात एका रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला आणि त्यानंतर हा छळ हळूहळू संपला. एमआरआयने चित्र आणखी स्वच्छ केले. स्मृतिभ्रंशात मात्र या दोन्ही तपासण्या मुख्यतः दुसरे कारण शोधायला उपयोगी पडल्या: गाठ, रक्तस्राव, मेंदूत साचलेले पाणी. हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला स्मृतीशी निगडित भाग, आक्रसलेला दिसला तरी तो केवळ अल्झायमरमध्येच आक्रसतो असे नाही. निदानाच्या १९८४च्या निकषांनुसार तर रुग्णाच्या हयातीत ‘संभाव्य अल्झायमर’ एवढेच लिहिता येई. ‘निश्चित’ लिहायला बायोप्सी किंवा शवविच्छेदन लागे.

ही कोंडी अमेरिकेतील पिट्सबर्गमध्ये तयार झालेल्या एका रेणूने फोडली. शवविच्छेदनात अमायलॉइड रंगवायला वापरतात त्या थायोफ्लेविन रंगापासून तो बनवला होता. २००२मध्ये स्वीडनच्या उप्साला शहरात तो पहिल्यांदा रुग्णाला टोचला गेला. जानेवारी २००४मध्ये १६ रुग्ण आणि ९ निरोगी व्यक्तींचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या रेणूतला किरणोत्सारी कार्बन दर २० मिनिटांनी निम्मा होतो, त्यामुळे ज्या संस्थेच्या आवारात सायक्लोट्रॉन, म्हणजे असे किरणोत्सारी अणू बनवणारे यंत्र आहे तिथेच तो वापरता येई. फ्लोरिन-१८ वापरल्यावर हा कालावधी सुमारे ११० मिनिटांवर गेला आणि डोस गाडीने दुसऱ्या गावी नेता येऊ लागला. (भारतातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२मध्ये मुंबईत परळला सुरू झाले. आपल्याकडे पेट स्कॅनचा विस्तार मुख्यतः कर्करोगासाठी झाला.)

फ्लोरिनवर आधारलेल्या आणि मान्यता मिळालेल्या पहिल्या ट्रेसरची (स्कॅनसाठी टोचायच्या किरणोत्सारी द्रव्याची), फ्लोर्बेटापिरची, कसोटी कठोर होती. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील लोकांचे स्कॅन करून ते मृत्यूनंतर शवविच्छेदनाशी ताडून पाहिले गेले. २०११च्या अभ्यासात २९ जणांमध्ये दोन्ही निष्कर्ष ९६ टक्के जुळले. तरीही अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागारांनी परवानगी लगेच देऊ नये असे मत दिले, कारण एकच स्कॅन वेगवेगळे डॉक्टर वेगवेगळा वाचत होते. वाचणाऱ्यांच्या प्रशिक्षणाची अट घालून एप्रिल २०१२मध्ये मान्यता मिळाली. सोबतच्या माहितीपत्रकात मर्यादाही लिहिली होती. स्कॅन निगेटिव्ह आला तर अल्झायमरची शक्यता खूप कमी होते, पण पॉझिटिव्ह आला म्हणून विस्मरणाचे कारण अल्झायमरच असे सिद्ध होत नाही. आणि ते खरेच आहे. स्मृती शाबूत असलेल्या लोकांमध्येही पन्नाशीत सुमारे १० टक्के आणि नव्वदीत सुमारे ४४ टक्के जणांच्या मेंदूत अमायलॉइड सापडते.

मग आला सप्टेंबर २०१३चा निर्णय. स्कॅन बरोबर दाखवतो का, हा प्रश्न मेडिकेअरपुढे उरलेला नव्हता. त्यांनी विचारले की स्कॅन केल्याने रुग्णाचे आरोग्य सुधारते का. याला पुरेसा पुरावा नाही, असे उत्तर निघाले. त्यामुळे खर्च द्यायचा तो फक्त मान्यताप्राप्त संशोधनात सहभागी झालेल्यांचा, आणि तोही प्रत्येकी एकाच स्कॅनचा. तेव्हा एका स्कॅनला साधारण ३,००० डॉलर किंवा त्याहून जास्त पडत.

निर्णयामागचे तर्कशास्त्र कच्चे नव्हते. आजार थांबवणारे औषध नसताना लाखो घाबरलेल्या वृद्धांचे स्कॅन सुरू झाले असते, तर सार्वजनिक पैसा गेला असता आणि निरोगी माणसांना उगाच आयुष्यभराची धास्ती लागली असती. तज्ज्ञांनीही त्याच वर्षी बजावले होते की लक्षणे नसलेल्यांना हा स्कॅन करू नये, घरात कोणाला आजार होता एवढ्यावरून तर मुळीच नको.

पण मोजपट्टी चुकीची निवडली गेली, असे मला ठामपणे वाटते. पंचावन्नाव्या वर्षी नोकरीत चुका होऊ लागलेल्या माणसाला हा नैराश्याचा परिणाम आहे, स्मृतिभ्रंशाचा फ्रंटोटेम्पोरल हा वेगळा प्रकार आहे की अल्झायमर, हे कळणे हेच एक फळ आहे. त्यावर घराची आर्थिक व्यवस्था, मृत्युपत्र, गाडी चालवायची की नाही हे सगळे अवलंबून असते. चुकीच्या निदानावर वर्षानुवर्षे दिलेल्या गोळ्या थांबवणे हेही फळच. ‘आरोग्य सुधारले का’ या एका प्रश्नात यातले काहीच बसत नव्हते. शिवाय ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी स्कॅन करून घेतलाच. अडला तो ज्याच्याकडे पैसे नव्हते तो.

निर्णयाने मागितलेला पुरावा गोळा करायला २०१६मध्ये एक प्रचंड अभ्यास सुरू झाला. ५९५ ठिकाणच्या ९४६ तज्ज्ञांनी रुग्ण पाठवले. २०१९मध्ये ११,४०९ जणांची आकडेवारी आली. अल्झायमरची शक्यता धरून पाठवलेल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के, आणि सौम्य विस्मरण असलेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के लोकांच्या मेंदूत अमायलॉइड नव्हतेच. स्कॅननंतर साठ टक्क्यांहून जास्त रुग्णांचे उपचार किंवा नियोजन बदलले. अपेक्षा तीस टक्क्यांची होती. दुसरा भाग मात्र अपयशी ठरला. स्कॅन झालेल्यांचे रुग्णालयात भरती होणे वर्षभरात दहा टक्क्यांनी घटेल असे धरले होते, प्रत्यक्षात घट साडेचार टक्क्यांच्या आसपास राहिली. या अभ्यासात बहुसंख्य रुग्ण गोरे होते, म्हणून कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समाजांसाठी पुढे वेगळा अभ्यास हाती घ्यावा लागला.

शेवटी दार उघडले ते या पुराव्याने नाही, औषधांनी. त्याआधीच्या औषध-चाचण्यांमध्ये स्कॅनने एक नामुष्की उघड केली होती. २०१२मध्ये फसलेल्या एका मोठ्या चाचणीत, अल्झायमरचे जोखमीचे जनुक नसलेल्या ज्यांचा स्कॅन झाला, त्यांच्यापैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जणांच्या मेंदूत अमायलॉइडच सापडले नाही. जे मेंदूत नव्हते ते काढायचे औषध त्यांना दिले जात होते. पुढच्या चाचण्यांत अमायलॉइडची खात्री ही प्रवेशाचीच अट झाली. जून २०२१मध्ये एका औषधाला सल्लागारांच्या विरोधानंतरही मान्यता मिळाली, ती स्कॅनवर अमायलॉइड घटलेले दिसले या आधारावर. ते औषध २०२४मध्ये उत्पादकानेच बंद करायचे ठरवले. जुलै २०२३मध्ये लेकॅनेमॅब या अमायलॉइड काढणाऱ्या औषधाला पूर्ण मान्यता मिळाली. १,७९५ जणांच्या चाचणीत दीड वर्षात ऱ्हास २७ टक्क्यांनी मंदावला होता, म्हणजे १८ गुणांच्या मापावर ०.४५ गुणांचा फरक. औषध सुरू करण्याआधी अमायलॉइडची खात्री करणे आवश्यक असल्याने स्कॅन अडवून ठेवणे अशक्य झाले. तीन महिन्यांत अट गेली. हेच औषध घेताना मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना, हे पाहायला ठरावीक टप्प्यांवर एमआरआयही करावा लागतो.

२०२४मध्ये एका तज्ज्ञगटाने लक्षणे नसली तरी अमायलॉइड आढळणे हेच अल्झायमरचे निदान, अशी व्याख्या केली. दुसऱ्या गटाला ती मान्य नाही. त्यांच्या मते असा माणूस आजारी नसून जोखमीत आहे. मे २०२५मध्ये अमेरिकेत पहिल्या रक्तचाचणीला परवानगी मिळाली, तीही ५५ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या आणि लक्षणे असलेल्यांसाठीच. तिचे निष्कर्ष स्कॅनशी किंवा पाठीतल्या पाण्याच्या तपासणीशीच ताडून पाहिले गेले, आणि पाचांपैकी जवळपास एका जणाचा निकाल तिच्यात अधांतरी राहतो. त्यांच्यासाठी पुढची पायरी अजूनही हा स्कॅन किंवा पाठीतले पाणी तपासणे हीच आहे.