शेळी पडते, पण शुद्धीत असते

मोबाइलवर हा व्हिडिओ बहुतेकांनी पाहिलेला असतो. शेळ्या चरताहेत, कुणीतरी फटकन छत्री उघडतो आणि दोन-तीन शेळ्या चारी पाय ताठ करून ओंडक्यासारख्या आडव्या होतात. दहा-वीस सेकंदांत उठतात, जरा अवघडल्यासारख्या चालतात आणि पुन्हा चरू लागतात. जगभर त्यांना ‘बेशुद्ध पडणाऱ्या शेळ्या’ म्हणतात, पण त्या बेशुद्ध पडतच नाहीत. डोळे उघडे असतात, आजूबाजूचे सगळे कळत असते. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या शेतकऱ्यांनी दिलेले जुने नाव जास्त नेमके आहे: लाकडी पायाची शेळी.

या जातीची कहाणी टेनेसीतल्या मार्शल काउंटीत सुरू होते. 1880च्या सुमारास जॉन टिन्सली नावाचा एक फिरस्ता शेतमजूर तिथे आला. सोबत चार विचित्र शेळ्या, तीन माद्या आणि एक बोकड. तो कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाहून आला होता असे सांगतात. शेळ्या मूळच्या कुठल्या, हे मात्र त्याच्याबरोबरच गेले. मेबेरी नावाच्या स्थानिक डॉक्टरांनी त्या 36 डॉलरना विकत घेतल्या आणि त्यांची पिल्ले गावोगाव पसरली. शेतकऱ्यांना त्या आवडल्या त्या गमतीसाठी नव्हे. शेळीचा मालक कुंपणाने मेटाकुटीला आलेला असतो; आणि ही शेळी धड उडी मारू शकत नाही!

दोष नेमका कुठे आहे? घाबरून पडते म्हणजे मेंदूत किंवा मज्जातंतूत बिघाड असणार, हा पहिला तर्क. 1939 साली ब्राउन आणि हार्वी या संशोधकांनी तो खोडून काढला. मज्जातंतूचा संदेश स्नायूपर्यंत पोहोचू न देणारे कुरारे हे विष देऊनही स्नायूची ताठरता दिसतच राहिली. म्हणजे दोषी स्नायू स्वतःच.

स्नायू आकसतो तो विजेच्या एका लहरीमुळे. लहर ओसरल्यावर स्नायूपेशी शांत व्हायला हवी आणि ती शांत ठेवण्याचे मोठे काम क्लोराइड आयन करतात. पेशीच्या आवरणात त्यांच्यासाठी दारे असतात. या शेळ्यांत ती दारे नेहमीच्या विद्युतदाबाला नीट उघडत नाहीत. मग एकाच इशाऱ्यावर लहरीमागून लहरी उठत राहतात आणि स्नायू सैल पडायचे नावच घेत नाही. 1996 साली याचे मूळही सापडले: त्या दाराच्या प्रथिनात अ‍ॅलॅनिनच्या जागी प्रोलिन आले आहे. शेकडो अमिनो आम्लांच्या माळेतला एक मणी बदलला, एवढेच. दचकल्यावर कुठलाही प्राणी पळण्यासाठी सगळे स्नायू एकदम आवळतो. ही शेळीही आवळते, फक्त ते सुटत नाहीत. गंमत म्हणजे थोडे चालून-फिरून अंग मोकळे झाले की ताठरता कमी होते. 1961 साली तर असे दिसले की दोन-तीन दिवस पाणी तोडले की लक्षणे नाहीशी होतात आणि पाणी प्यायल्यावर परततात.

हाच आजार माणसांतही असतो. 1876 साली थॉमसेन या डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले ते स्वतःचे आणि स्वतःच्या घराण्याचे. त्यांच्या मुलावर सैन्यभरती टाळण्यासाठी सोंग करतो असा आरोप झाला होता, म्हणून बापाने लेखणी उचलली. या आजारात क्लोराइडचा हात आहे हे पुढे कळले, ते 1960च्या दशकात याच शेळ्यांच्या स्नायूंवर केलेल्या प्रयोगांतून.

1950च्या दशकात काही शेळ्या टेक्सासला गेल्या आणि तिथे मांसासाठी जास्त थोराड निवडल्या गेल्या. सतत आवळणाऱ्या स्नायूंमुळे मांड्या भरदार होतात, असे पाळणारे सांगतात. टेनेसीतल्या लुईसबर्ग गावी दर ऑक्टोबरात त्यांच्या नावाने जत्राच भरते. शांत स्वभावामुळे हौसेनेही पुष्कळ जण त्या पाळतात. अशांना एकच सांगणे: मोकाट कुत्र्यांपासून त्यांना जपायला हवे, कारण पळायच्या क्षणीच पाय दगा देतात. आणि पाहुण्यांना दाखवायला म्हणून मुद्दाम दचकवणे मला तरी ओंगळ वाटते. पडण्याने वेदना होत नाहीत असे मानले, तरी दचकणे खरेच असते.

तसाही तो खेळ फार दिवस चालत नाही. वय वाढले की या शेळ्या शहाण्या होतात. पाय ताठरू लागले की ते फाकवून उभ्या राहतात किंवा कुंपणाला टेकतात. छत्रीवाला छत्री उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. शेळी जागची हलत नाही आणि पडतही नाही.