‘जर्मन’ म्हणजे कोणता धातू? जुन्या गाड्यांच्या उघड्या भागांची पार्श्वभूमी

जुनी गाडी डागडुजी करून पुन्हा उभी करायची म्हटलं की चर्चा रंगाची आणि इंजिनाची होते. वाद मात्र रंग नसलेल्या भागांवरून लागतात. रेडिएटरचं कवच, दिव्यांच्या कड्या, क्रँककेस (इंजिनाचं खालचं कवच), स्टिअरिंगचे दांडे, नटबोल्ट. यातलं काय चकाकायचं, काय मंद ठेवायचं आणि कशाला नुसता तेलाचा हात पुरे, याची उत्तरं प्रत्येक पिढीने वेगळी दिली.

सुरुवातीचा काळ पितळेचा. पहिल्या महायुद्धाच्या आसपास पितळ मागे पडून निकलचा मुलामा आला आणि 1920 च्या दशकाच्या अखेरीस क्रोम. निकलच्या चमकेत किंचित पिवळी झाक असते, क्रोमच्या चमकेत निळी. जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात गाड्यांचा मेळा भरला, तेव्हा बडोदेकरांना या दोन्ही चमका शेजारीशेजारी उन्हात पाहता आल्या. 1922 च्या गाडीच्या दिव्यावर निळी झाक दिसली, की मुलामा नंतरचा समजावा.

पितळेबद्दल एकच सांगतो. ब्रिटिश अमदानीत पावसाळ्यात पागांमध्ये साठवलेली पितळी काडतुसं आपोआप तडकत. 1921 मध्ये त्याचा नीट उलगडा झाला: घोड्यांच्या मलमूत्रातून सुटणारा अमोनिया, आणि घडवताना धातूत राहून गेलेला ताण. म्हणून ठोकून-दाबून घडवलेल्या पितळी भागांवर अमोनियावालं पॉलिश नको. त्यापेक्षा आजीची चिंच परवडली, फक्त नंतर स्वच्छ धुऊन कोरडं करायला हवं.

खरा गोंधळ घातलाय तो ‘जर्मन’ या शब्दाने. मराठी घरात जर्मनचं पातेलं म्हणजे ॲल्युमिनियमचं. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या कुठल्याही जुन्या स्वयंपाकघरात विचारा. पण मूळ जर्मन सिल्व्हर हा तांबं, निकल आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्यात चांदीचा कणही नाही. पाकतोंग नावाच्या चिनी पांढऱ्या धातूची नक्कल म्हणून तो 1820 च्या दशकात जर्मनीत बनू लागला, म्हणून हे नाव. पुढे 1886 मध्ये विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम काढायची पद्धत सापडली, ते स्वस्त झालं, घरोघर पोचलं, आणि आपल्या बोलीत हा नवा पांढरट धातू जुन्याच नावाने नांदू लागला.

गंमत अशी की एकाच गाडीत दोन्ही ‘जर्मन’ सापडतात. 1920 च्या दशकातल्या रोल्स-रॉइसच्या रेडिएटरचं कवच जर्मन सिल्व्हरचं, क्रँककेस ॲल्युमिनियमची. राजेरजवाड्यांच्या काही गाड्यांची तर बॉनेटंही रंग न देता घासून चकचकीत केलेल्या ॲल्युमिनियमची असत.

आमच्या एका गाडीच्या सुट्या भागांची यादी मामांनी करून ठेवली होती. त्यात एक ओळ, ‘जर्मन: 4 नग’. मामा गेले, यादी राहिली. प्लेटिंगवाल्याने ती वाचली आणि चारही नग ग्रीस काढायला कॉस्टिकच्या गरम टाकीत सोडले. कॉस्टिक सोडा लोखंडाला किंवा तांब्याच्या मिश्रधातूला फारसं काही करत नाही. ॲल्युमिनियम मात्र त्यात विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो. तीन नग चांगले निघाले. चौथं टॅपेटवरचं (इंजिनाच्या झडपा उचलणाऱ्या भागांवरचं) झाकण होतं, ते फसफसून काळं पडलं. त्यावरची ओतीव अक्षरं बोटाला लागेनाशी झाली होती. प्लेटिंगवाल्याला काय बोलणार? शब्द आमचाच होता.

खरं तर नग हातात घेतला तरी कळतं. जर्मन सिल्व्हर ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड. लोहचुंबकाचा इथे उपयोग नाही, तो दोन्हींना चिकटत नाही. वजनदार नगाची आतली, न दिसणारी कड कानशीने जराशी घासावी: पिवळं दिसलं तर ते निकल चढवलेलं पितळ.

उघडं ॲल्युमिनियम चकचकीत ठेवायला लोक पारदर्शक लॅकर मारतात. मला ते पटत नाही. एखादा ओरखडा पडला की बडोद्याच्या पावसाळी दमटपणात लॅकरखाली केसासारख्या बारीक वळवळत्या रेघा पसरतात, आणि मग सगळं खरवडून काढावं लागतं. मेण दर काही महिन्यांनी लावावं लागतं, पण पुसता येतं. ॲनोडायझिंग (विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियमवर चढवलेला ऑक्साइडचा थर) टिकाऊ, पण ओतीव भागांवर ते राखाडी आणि डागाळ उठतं. लोखंडाच्या ब्लॅकोडायझिंगचं, म्हणजे रसायनात बुडवून आणलेल्या काळ्या थराचं, तर नावच मोठं. तो थर साधारण एक मायक्रॉनचा. गंज अडवतं ते त्यात मुरलेलं तेल.

नटबोल्टांवरचा कॅडमियम या धातूचा मुलामा विषारी म्हणून मागे पडला. जस्ताच्या (झिंकच्या) मुलाम्याच्या सोनेरी-पिवळ्या छटेमागे हेक्साव्हॅलंट क्रोमियम हे क्रोमियमचं विषारी रूप असे. 2007 पासून युरोपात नव्या गाड्यांवर त्याला बंदी आली. जुन्या गाडीसाठी ती छटा आता मुद्दाम मागून घ्यावी लागते.

जुन्या गाड्यांच्या जतनाबद्दलच्या 2012 च्या आंतरराष्ट्रीय तुरिन सनदेने आहे ते जपण्याला नवं करण्याच्या वर बसवलं, तेव्हापासून अर्धवट उडालेलं निकल तसंच ठेवणाऱ्यांना जोर आला. आपल्याकडे 2021 च्या नियमांत पन्नास वर्षांवरची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची तर ती ‘मूळ स्वरूपात’ असावी असं आहे. पण तिथे बोलणं चासी (गाडीचा सांगाडा), बॉडी आणि इंजिनाचं आहे, मुलाम्याचं नाही.

आमचं झाकण घासून, मेण लावून पुन्हा बसवलं. अक्षरं परत कोरून घ्यावीत असं काहींनी सुचवलं, घेतली नाहीत. मामांच्या यादीत ‘जर्मन’पुढे आता शिसपेन्सिलीने चारही नगांची वजनं लिहिली आहेत.